छताला टेकलेला आकडा

काजिवारा-सान शेवटचे हसले, तेव्हा मी एका मोठ्या पोकळ गोळ्यात पेटलेला होतो. मी जपानातल्या तोकुशिमाच्या किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेतला जुना एलईडी दिवा, मित्रांनो. तो गोळा आतून पांढराशुभ्र असतो. दिव्याचा सगळा उजेड आत कोंडून मोजायचा आणि आधीच माहीत असलेल्या तुलनेच्या दिव्याशी ताडून बघायचा, एवढंच त्याचं काम.

माझ्या पोटात निळा उजेड जन्मतो. वरचा लेप त्यातला बराचसा पिवळा करतो आणि दोन्ही मिळून पांढरा होतो. पण निळ्याचा पिवळा होताना थोडी शक्ती उष्णता होऊन जातेच. कितीही हुशारी केली तरी ही गळती पूर्ण बुजत नाही. म्हणून माझ्या जातीच्या दिव्यांना एक छत आहे, त्याहून जास्त उजेड निघूच शकत नाही. आम्हाला घडवणाऱ्या काजिवारा-साननी निम्मं आयुष्य त्या छताकडे बघत काढलं. माझी आधीची भावंडं त्यांनी मोडीत काढली, मला मात्र जपलं. त्या दुपारी माझा उजेडाचा आकडा जवळजवळ छताला टेकला.

त्यांची मुलगी चिनात्सु तिथेच काम करायची. ती हसली नाही.

“बाबा, गळती गेली कुठे?”

“नाही सापडत म्हणून रडतेस? लोक अशा वेळी नाचतात!”

“तुलनेचा दिवा कुठल्या बैठकीवर ठेवला होता?”

“आता बैठक! तुझ्यापुढे सासूनंसुद्धा हात टेकले असते, पोरी.”

“उद्या आकडा बघायला पाहुणे येणार, त्यांच्यातल्या कुणी विचारलं तर?”

“उद्याचं उद्या. उदोनच्या शेवया निवताहेत, खाऊन घे.”

ती न खाताच गेली. दार जरा जोरात लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काजिवारा-सान झोपेतच गेले.

पाहुण्यांचा कार्यक्रम अंत्यविधीनंतर ठेवला गेला. प्रयोगशाळेचे प्रमुख हामागुची-सान चिनात्सुला बाजूला घेऊन म्हणाले, “हा आकडा त्यांच्या नावानं जाहीर करू. लोक फोटोपुढे वाकतील आणि जातील. आता कशाला उकरतेस?”

मी विझलेला होतो, तरी मला उकडायला लागलं. ती गप्प राहिली असती, तर कितीतरी लोकांनी त्या आकड्यामागे उमेदीची वर्षं घालवली असती. बोलली, तर वडिलांचं शेवटचं यश तिच्याच हातानं पुसलं जाणार होतं.

पाहुणे बसले. चिनात्सुनं हातमोजे घातले आणि गोळा उघडला. तुलनेचा दिवा काळ्या बैठकीवर होता, माझी बैठक पांढरी. काळा रंग उजेड पितो. म्हणून तो दिवा कमी भरला आणि त्याच्या शेजारी मी उगाच उंच दिसलो. तिनं दोघांना एकसारखी पांढरी बैठक दिली आणि पुन्हा मोजलं.

आकडा उतरला.

“झालं समाधान?” हामागुची-सान पुटपुटले.

“हा दिवा छताला टेकलेला नाही,” ती पाहुण्यांना म्हणाली. “पण आम्ही केलेल्या दिव्यांत सगळ्यात वर हाच आहे.”

मित्रांनो, मला पुसा, जपा, नाहीतर कपाटात टाका. पण मी जेवढा आहे तेवढाच मोजा. माझ्या धाकट्या भावंडांना इथूनच पुढे चढायचं आहे.

चिनात्सु फोटोकडे वळली. काढून हातात धरलेले हातमोजे चुरगळले होते.

“बाबा,” ती सगळ्यांदेखत म्हणाली, “मोजायला मला तुम्हीच शिकवलंत. हे तुम्हाला कधी बोलले नाही मी.”