दगडाबाईचा हुंकार

राणीसावरगावच्या शिवारात कापूस फुटला की चतुराबाईच्या गोष्टींना ऊत यायचा. वेचणीला तिच्या शेजारची पात धरायला बायांची झोंबाझोंबी चाले. हुंकार मात्र तिची म्हातारी आई दगडाबाईच देई. तिनं "हं" म्हटलं की गोष्ट पुढं सरकायची, ती गप्प बसली की गोष्ट मेली म्हणून समजा. साप नवरदेव होऊन घोड्यावर बसला तरी म्हातारी खुशाल "हं" म्हणे.

एका खऱ्या गोष्टीला तेवढा तिनं हुंकार दिला नव्हता.

चतुराबाईचा भाऊ सुग्रीव रझाकारांच्या धामधुमीत घरातून गेला तो गेलाच. बारा वर्षं झाली, आता मेलाच धरायचा म्हणून येत्या अवसेला पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचं चुलत्यानं, व्यंकटरावानं, ठरवलं होतं. अन् चतुराबाईनं तर सुग्रीवाला गेल्याच महिन्यात मानवतच्या बाजारात या डोळ्यांनी पाहिलं होतं! चांगला गुबगुबीत, तोंडात पान, कडेवर लेकरू. "बरं हाय ना?" म्हणाला, हसला अन् मोटारीत बसला. मेल्यानं आईचं नावसुद्धा काढलं नाही.

"उन्हानं डोळे फिरले तुजे," दगडाबाई तेव्हा म्हणाली होती. "माजं लेकरू मायची इचारपूस केल्याबिगर जाईल व्हय?"

आज दुपारी सगळं रान पांढरं, झोपेत पाहिल्यासारखं दिसत होतं. कापसाचे धागे वाऱ्यावर तरंगत होते. बायांचे आवाज कुठून तरी पाण्याखालून येत होते. चतुराबाईनं काही ठरवलं नव्हतं, तोंडच आपसूक बोलायला लागलं.

"एक भाऊ मानवतला बहिणीला भेटला. वाळून काडी झालेला."

म्हातारीचा हात बोंडावर थांबला.

"बहिणीला म्हणला, माय काय करायलीय? माज्या वाटणीची भाकर अजून थापती का?"

"हं," दगडाबाई म्हणाली.

"म्हणला, कोंच्या तोंडानं घरी येऊ? अन् लय रडला."

"हं. तसाच हाय त्यो, भिडस्त." म्हातारीच्या ओटीतला कापूस खाली सांडला. "व्यंकटरावाला सांग, पुतळा करायचा न्हाई. माजा सुग्रीव जिता हाय."

बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. चतुराबाईला आनंद झाला, खरंच झाला. पण तो पान खाणारा, हसरा, सगळ्यांना विसरलेला भाऊ आता तिच्या एकटीच्याच वाट्याला आला होता. त्याच्यावर रागवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"मग? पुढं काय म्हणला?" दगडाबाईनं तिचा हात धरून विचारलं.

चतुराबाईनं मोकळ्या हातानं सांडलेला कापूस म्हातारीच्या ओटीत टाकला.

"संक्रांतीला येतो म्हणला."