बारा दिवसांत ड्रायव्हर होत नाही

मित्रांनो, जुनी आहे मी, पण मला भंगार म्हणायची घाई करू नका. बावीस वर्षं महाड-पोलादपूरच्या घाटांतून माल वाहिलेली सहा चाकांची गाडी आहे मी. मला लिहितावाचता येत नाही. माझ्या पाठीवर रंगाऱ्याने काय लिहिलं आहे, तेसुद्धा मला लोकांच्या तोंडून कळलं. पण स्टिअरिंगवर बसलेला माणूस शिकलेला आहे की नुसता बसलेला आहे, हे मला त्याच्या पहिल्या क्लचला कळतं.

पुण्याकडच्या कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर काही नव्हतं. नुसती चासी, इंजिन आणि बसायला एक फळी. डोक्याला फडकं गुंडाळलेल्या एका माणसाने त्या फळीवर बसून मला महाडला आणलं. वाऱ्याने त्याचे डोळे सुजले होते, पण माझ्या एका नटाला त्याने धक्का लागू दिला नाही. इथल्या सुतारांनी माझी बॉडी बांधली, केबिनला दारं लावली. मग मी बाईमाणसासारखी चारचौघांत यायला मोकळी झाले.

पहिल्या दिवसापासून माझ्यावर नागसेन बसला. महाडचाच माणूस. बोलणं कमी, खोकणं जास्त. घाटाच्या माथ्यावर पोचला की तो मला थांबवायचा, खाली उतरायचा आणि सहाही चाकांना उलटा हात लावून बघायचा, आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा. मग ज्या गिअरला गाडी चढली असती, त्याच गिअरला उतरायचा. मागच्या मोटारवाल्यांनी शिव्या दिल्या तर म्हणायचा, "द्या. शिवीनं ब्रेक तापत नाय."

त्याने माझ्यावर अकरा जणांना ड्रायव्हर केलं. प्रत्येकाला चाळीस दिवस. सुरुवातीला नुसतं बाजूला बसून ऐकायचं, मग रिकामी गाडी चालवायची, मग अर्धी भरलेली. भरलेली गाडी घाट उतरवायची पाळी सगळ्यांत शेवटी. कुणी घाई केली की नागसेन म्हणायचा, "चढताना गाडी तुला सांभाळते. उतरताना तू तिला सांभाळायचं असतं."

त्या अकरा जणांतले किती उरले, विचारा. तीन. बाकीचे मुंबईला दुचाकीवरून पार्सलं वाटतात, नाहीतर आखातात गेले. का जाणार नाहीत? कारखान्याच्या गेटबाहेर माल उतरायची वाट बघत दहा-दहा तास उन्हात बसायचं. प्यायला पाणी मागितलं तर वॉचमन 'ए ड्रायव्हर' म्हणून हाकलणार. संडासाला जायचं तर झुडूप शोधायचं. मला निदान रेडिएटरमध्ये कुणीतरी पाणी घालत होतं. त्यांना कोण विचारतो?

माझे मालक मुरारीशेठ. वडिलांचा धंदा त्यांनी वाढवला. मागच्या वर्षी त्यांनी चार नव्या गाड्या आणल्या. थंड हवेची केबिन, गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दिसणार, सगळं आहे. नव्हता फक्त चालवायला माणूस. चार महिने त्या राण्या अंगणात उभ्या राहिल्या. टपांवर आंब्याचा पाला साचला आणि एकीच्या आरशामागे चिमणीने घरटं केलं. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण ते हसू फार दिवस टिकलं नाही.

अशात एक दिवस रूपाली आली. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली, वय एकोणतीस. नवरा मुंबईला हॉटेलात कामाला. सहा वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत होती आणि मोठ्या गाडीचा परवानाही काढून आली होती. शेठना म्हणाली, "मला मोठी गाडी शिकायची हाय."

शेठ हसले. तिथे शेठचा दुसरा ड्रायव्हर ओम उभा होता. चांगला चालवतो, पण तोंड मोठं. शेठनी ऑफिसबाहेर एक काळा फळा लावला होता. ज्याने महिन्यात सगळ्यांत कमी डिझेल जाळलं, त्याचं नाव फळ्यावर सगळ्यांत वर. ओमचं नाव कायम वर असायचं, म्हणून त्याची मान कधी खाली येत नसे.

तो म्हणाला, "ताई, इथं पदर नाय, गिअर सांभाळायला लागतो."

"तुझ्या बहिणीची पोरं रोज शाळेत कोण सोडतंय रे ओम?" रूपाली म्हणाली. "पदरानं बांधून नेते काय त्यांना?"

मला पोरगी तिथेच आवडली. आणि बाई, बाई म्हणून काय बोलतात हे लोक? जन्मभर ज्या गाडीच्या जिवावर जेवले, ती कोण आहे?

नागसेनने तिला हाताखाली घेतलं. घाटात गाडी तो चालवायचा आणि तिला डोळे मिटून बाजूला बसवायचा.

"आता कुठला गिअर?"

"तिसरा."

"नाय. परत ऐक. कानानं नको, पोटानं ऐक गो."

"पोटात भूक हाय काका, तिचाच आवाज येतोय."

नागसेन खोकत हसला. आठव्या दिवशी ती एकदाही चुकली नाही. बाराव्या दिवशी रिकामी गाडी तिने आंबेनळी घाटातून वर नेऊन आणली. माझी एक कळ चुकली नाही, एक गिअर कुरकुरला नाही. मुलांनो, मला वाटलं, आणखी अठ्ठावीस दिवसांत ही नागसेनच्या तोडीची होईल.

तो दिवस एकोणीस मार्चचा होता. संध्याकाळी शेठ हातात कागद घेऊन आले.

"नागसेन, सही कर. रूपाली तयार झाली म्हणून. उद्या वाईहून हळद आणायची आहे."

"बाराच दिवस झालेत शेठ. भरलेली गाडी उतरवायला ती अजून शिकलेली नाय."

"परवाना आहे ना? सरकारने दिलाय."

"सरकार घाटात बाजूला येऊन बसत नाय."

"मग उद्या तू जा."

नागसेनसाठी उद्याचा दिवस तळ्याच्या सत्याग्रहाचा होता, वीस मार्च. वर्षातला हा एक दिवस तो गाडीला हात लावत नसे. पांढरे कपडे घालून चवदार तळ्यापाशी लांबून आलेल्या माणसांना पाणी द्यायला उभा राहायचा. त्याचा बापही उभा राहत असे. बावीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. त्याने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि माझ्याच बोनेटवर कागद ठेवून सही केली.

एवढा खमक्या माणूस, असं करेल असं वाटलं नव्हतं. मला बोलता आलं असतं तर तिथेच चार शब्द सुनावले असते.

रूपालीला तो एवढंच म्हणाला, "सावकाश उतर. गिअर सोडू नको." का सोडायचा नाही, ते पुढच्या दिवसांत शिकवायचं होतं.

सकाळी निघताना ओम दाराशी आला. "एक टिप देतो ताई. उताराला न्यूट्रल टाकायचा. इंजिन गप, डिझेल गप. फळ्यावर तुझंच नाव."

"तुझं खाली जाईल ना रे."

"एक महिना जाऊ दे. आपण काय मरत नाय."

त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे सांगायला हवं. त्यालाही ते कुणीतरी असंच दाराशी उभं राहून सांगितलं होतं.

वाईला माझ्यात हळद भरली. नऊ टन. माझे स्प्रिंगचे पाटे दबले. घाटमाथ्यावर रूपालीने मला थांबवलं, उतरली आणि चाकांना उलटा हात लावला. शिकवलेलं ती एकही विसरली नव्हती. पहिली दोन वळणं दुसऱ्या गिअरला उतरली. मग थोडा सरळ रस्ता लागला. ती स्वतःशीच म्हणाली, "एकदा माझं नाव वर जाऊ दे, म्हणजे ह्यांची तोंडं मिटतील." आणि तिने गिअर काढला.

इंजिन गप्प झालं. मित्रांनो, तुम्हाला वाटेल किती छान, आवाज नाही, धूर नाही. पण गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रल टाकला की ती पकड सुटते आणि सगळं ओझं एकट्या ब्रेकवर येतं. पहिल्या वळणाला तिने ब्रेक दाबला, मी ऐकलं. दुसऱ्याला दाबला, तिसऱ्याला दाबला. माझी चाकं तापून ब्रेकच्या लायनरचा जळका वास यायला लागला. चौथ्या वळणाला तिने पाय पूर्ण दाबला आणि माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

तिने गिअर परत घालायचा प्रयत्न केला. त्या वेगाला गिअर बसत नाही, नुसते दात करकरले. एका बाजूला दरी होती. समोरून लाल एसटी चढत येत होती आणि खिडक्यांतून माणसांची डोकी दिसत होती. रूपाली ओरडली नाही. तिने मला डोंगराच्या बाजूला वळवलं आणि रस्त्याकडेच्या गटारात घालून कडेकपारीला घासत नेलं. माझं पुढचं चाक गेलं, दार गेलं, काच गेली. एसटी शेजारून निघून गेली. पोती फुटली आणि सगळा रस्ता पिवळा झाला.

मी थांबले. ती जिवंत होती. खांद्याचं हाड मोडलं होतं.

फिरायला आलेल्या मोटारी थांबल्या. मोबाइल बाहेर आले. "अरे, बाई चालवत होती!" म्हणून एकमेकांना दाखवायला लागले. मेल्यांनो, एसटीतल्या माणसांना विचारा त्या बाईने काय केलं ते! तिला पाणी द्यायचं एकालाही सुचलं नाही.

पाणी दिलं ते नागसेनने. फोनवर कळताच कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून तो तळ्यावरून थेट आला. तिच्याशेजारी हळदीतच बसला. पांढऱ्या कपड्यांचा विचार केला नाही.

"काका, मी न्यूट्रल टाकला."

"पाणी पी आधी."

तेवढ्यात शेठची जीप आली. मागे ओम. शेठनी मला बघितलं, पोती बघितली. "रूपाली, उद्यापासून येऊ नकोस. तुझी व्हॅनच बरी."

तिचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता, तो या वाक्याने आणखी पडला. नागसेन उठला.

"कागदावर सही कुणाची हाय शेठ?"

"तुझी. पण—"

"ती तयार नाय, हे मला म्हायती होतं. माझा दिवस चुकू नये म्हणून मी सही दिली. चूक माझी हाय. तिला काढायचं तर आधी मला काढा. मग तुमच्या चार गाड्या चिमण्यांकडनं चालवून घ्या."

"न्यूट्रलचं मीच सांगितलं," ओम मान खाली घालून म्हणाला. त्याची मान खाली आलेली मी प्रथमच बघितली.

शेठ कुणाकडेच बघेनात. रूपालीने मोडक्या खांद्याला हात धरून तोंड उघडलं. "शेठ, मला राहिलेले अठ्ठावीस दिवस द्या. ते झाल्याशिवाय मी भरलेल्या गाडीला हात लावायची नाय, तुम्ही पाया पडलात तरी. आन् तो फळा आजच्या आज पुसा."

शेठनी पिवळ्या रस्त्यावरचं एक फुटकं पोतं पायाने बाजूला सारलं. "तुला देतो दिवस," ते म्हणाले. "फळाही काढतो. पण सगळ्यांना चाळीस दिवस देत बसलो तर माल कोण नेणार? तेवढं मला जमणार नाही."

नागसेन म्हणाला, "आज गेला काय माल?"

मला मात्र कुणी दिवस दिले नाहीत. पोलादपूरच्या पुढे, घाट जिथे संपतो, तिथल्या भंगाराच्या दुकानाबाहेर मला आणून टाकलं आहे. माझं उरलेलं दार, टायर, बॅटरी विकून झाली. गॅसने कापणारा माणूस आला की मी संपले. त्याची मला भीती नाही. भीती दुसरीच आहे. इथे पडल्या पडल्या घाट उतरणारी प्रत्येक गाडी मला ऐकू येते.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी शेठच्या नव्या चारांतली एक भरलेली गाडी उतरत आली. दुसऱ्या गिअरला, घुरघुरत, सावकाश. मागे दहा-बारा मोटारी हॉर्न वाजवत होत्या. एकाने शेजारून गाडी काढता काढता ओरडून विचारलं, "झोपलास काय रे?"

केबिनमधून आवाज आला, "जागी हाय म्हणून सावकाश उतरतेय!"

रूपाली होती ती. माझ्या उरल्यासुरल्या पत्र्यावर काटा आला.

मुलांनो, तुम्ही कधी घाटातून जाल आणि पुढे एखादी मोठी गाडी अशीच घुरघुरत, मुंगीच्या पावलाने उतरत असेल, तर तुमच्या वडिलांना हॉर्न वाजवू देऊ नका. त्या माणसाला कुणीतरी चाळीस दिवस देऊन शिकवलं आहे. असा माणूस तुमच्या दाराशी माल घेऊन आला तर त्याला पाणी विचारा, बसायला सावली द्या. तो हे काम सोडून गेला तर त्याच्या जागी कोण बसेल, याचा विचार करा. मी इथे बसून तोच करते.

कारण रूपाली गेल्यावर पाच मिनिटांनी शेठच्या चार गाड्यांतली दुसरी वरून आली. तीही भरलेली होती. मी कान देऊन ऐकलं. हवा कापल्याचा आवाज आला, टायरांचा आला. इंजिनाचा आला नाही.