रानगाजराचं पान

डॉक्टर किलियान हार्टराट गिरणीत पोहोचले तेव्हा ओटीलियाचा जीव गेला होता. तिचा नवरा लोरेन्झ उंबऱ्यावर बसला होता. सकाळी सूप प्यायली आणि तासाभरात आकडी आली, एवढंच त्याला सांगता येत होतं. चुलीपाशी अर्धा कंद उरला होता. डॉक्टरांनी तो उभा चिरला. आत आडवे पडदे होते आणि पिवळसर चीक. माइन नदीकाठी वाढणारं हे विष ते तीस वर्षं ओळखत होते.

शेजारीच त्यांचं वनस्पतींचं पुस्तक उघडं पडलं होतं. लॅटिन न येणाऱ्या बायाबापड्यांसाठी त्यांनी ते मुद्दाम साध्या जर्मनमध्ये लिहिलं होतं. पानावर मजकूर रानगाजराचा होता, चित्र मात्र त्या विषाचं. छापखान्यात चित्रांच्या लाकडी ठशांची अदलाबदल झाली होती. पण छपाईआधी ते पान तपासायला डॉक्टरांकडेच आलं होतं. तेव्हा गावात प्लेगची साथ होती. न बघताच त्यांनी सही केली होती.

छापखान्याकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं. पण ते लोरेन्झशेजारी बसले आणि सगळं सांगितलं.

लोरेन्झनं आपले पिठाळ हात गुडघ्यांवर पुसले.

"रोज वाचायची ती," तो म्हणाला. "डॉक्टर समोर बसून बोलतायत असं वाटतं म्हणायची." मग विचारलं, "अशी पुस्तकं किती आहेत?"

"चारशे."

"मग इथं काय बसलात? जा ना."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी गावच्या वैद्याची नोकरी सोडली, दुरुस्त पानाच्या प्रती छापून घेतल्या आणि त्यांचं गाठोडं व चिकटवायच्या खळीचं मडकं घेऊन ते निघाले. सात वर्षं गावोगाव हिंडून एकेका पुस्तकात चुकीच्या पानावर ते चिकटवत राहिले. कुणी वेडा म्हणालं. एका मठातल्या म्हाताऱ्या जोगिणीनं सुनावलं, "चित्र बघून कंद चिरणारी माझ्या स्वयंपाकघरात टिकली नसती. वास घ्यावा लागतो, डॉक्टर." नव्या पानांवर त्यांनी तेही छापलं. रॉटवाइलजवळ एका घरात तोच कंद खाऊन दोन भावंडं गेली होती. बापानं अंगावर कुत्रं सोडलं. पाय फाटला तरी तो पान घेईपर्यंत डॉक्टर अंगणातून हलले नाहीत.

शेवटी उल्ममध्ये एका सुईणीच्या घरी त्यांचा हात इतका थरथरू लागला की तिनंच पान घेऊन चिकटवलं.

"सरळ बसलं का?"

"जरा तिरकं आहे," डॉक्टर म्हणाले. "पण चित्र बरोबर आहे."

त्या हिवाळ्यात ते तिच्याच घरी वारले. गाठोड्यात साठेक पानं उरली होती. वसंत आल्यावर सुईण ती घेऊन निघाली.