काळ्या टोपीची शिवण

"माप-बीप काही घ्यायचं नाही. डोकं सगळ्यांचं सारखंच असतं," असे म्हणून जमादाराने काळ्या कापडाचा तुकडा शिलाईयंत्रावर टाकला. "गळ्यापर्यंत आली म्हणजे झालं."

तुरुंगाच्या शिवणखात्यात जन्मठेप भोगणाऱ्या शिंप्याने त्या कापडास स्पर्शही केला नाही.

"कुणासाठी?"

"माहीत असून विचारतोस? तुझ्या गवंड्यासाठी. सोमवारी फाशी आहे त्याला."

तेरा वर्षांपूर्वी गोदामाच्या रखवालदाराच्या मस्तकात पहार घातली, ती शिंप्याने. गवंडी केवळ भिंतीपाशी पाळतीवर उभा होता. परंतु शिंप्याचा मामा एका नामांकित वकिलाकडे कारकून होता. त्या वकिलाने कोर्टात पहार गवंड्याच्या हाती दिली. गवंड्याला सरकारने दिलेल्या वकिलाने दोन प्रश्न विचारले आणि घड्याळाकडे पाहत तो खाली बसला. शिंपी मूग गिळून उभा राहिला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते ह्यालाच!

"जमादारसाहेब, मारलं मी. चार अर्ज केले तसे."

"साहेबांनी चारही वाचले. म्हणाले, आत्ता कंठ फुटला होय याला? कोर्टात काय तोंडात गुळणी धरली होती?"

"धरली होती! भ्यालो होतो! म्हणून त्याला लटकवणार? माझी शिक्षा चुकली असेल तर उद्या वाढवा. त्याची चुकली तर त्याला परत उठवणार कोण? तुमचे साहेब?"

"आवाज खाली! शिवली नाहीस, तर तुझी सगळी सूट गेली समज. वर्षात सुटणार होतास. घरी लेक वाट बघतेय ना?"

शिंप्याने कापड जमादाराकडे सरकवले. "जाऊ दे सूट."

दुसऱ्या दिवशी सूट रद्द झाल्याचा कागद आला. टोपी एका चटया विणणाऱ्या कैद्याकडून शिवून घेण्यात आली होती. दोरे लोंबत होते, जाड शिवण आतल्या अंगास आली होती.

"ही गालाला टोचेल," शिंपी म्हणाला.

जमादार हसला. "अरे, टोचून टोचून किती वेळ टोचणार?"

शिंप्याचे डोळे संतापाने पेटले. त्याने जमादाराच्या हातून टोपी हिसकावून घेतली, टाका न् टाका उसवला, शिवण बाहेरच्या अंगास घेऊन कडा हाताने दुमडल्या. मग कोठे टोचते का, हे पाहण्यासाठी त्याने ती स्वतःच्या डोक्यात घालून गळ्यापर्यंत ओढली.

ती अगदी मापात बसली.

"काढ ती," जमादार दबक्या आवाजात म्हणाला. "ए, काढ म्हणतो ना!"

शिंप्याने ती बराच वेळ काढली नाही.