एकास शंभर

तेजस्विनी शिरगुप्पे यांच्या समुपदेशनाच्या खोलीची लांबी पहिल्या गुरुवारी दहा फूट होती आणि दुसऱ्या गुरुवारी चारशे दहा. हा आकडा अंदाजपंचे नाही. जिनदत्त कागवाडे बत्तीस वर्षं मोजणी खात्यात होता आणि त्याच्या मापावर अख्ख्या मिरज तालुक्यात कुणी बोट ठेवलेलं नव्हतं. भावाभावांच्या बांधावर उभं राहून, दोन्हीकडच्या शिव्या खात त्यानं मापं काढली होती. एक खोली मोजायची म्हणजे त्याला काहीच नव्हतं.

खोली का वाढली हेही त्याला ठाऊक होतं. त्याच्याच सांगण्यावरून वाढली होती. पहिल्याच दिवशी मॅडमनी सगळं स्पष्ट केलं होतं. दार उघडं राहील. कुठल्या खुर्चीत बसायचं आणि किती लांब बसायचं ते तुम्ही ठरवा. सांगावंसं वाटणार नाही ते सांगू नका, मी खोदून विचारणार नाही. त्या जागेवरून उठायच्या आधीसुद्धा सांगत, "मी आता उठून पंखा कमी करतेय हं." जिनदत्तला गंमत वाटली होती. सत्तावन्न वर्षांत त्याला न विचारता त्याचं काय काय करण्यात आलं होतं, आणि ही बाई पंख्याची आगाऊ सूचना देत होती.

दुसऱ्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "एवढं अंतर चालेल?"

"थोडं लांब," तो म्हणाला.

त्यांच्या पायाशी नवी फरशी निघत गेली आणि त्या खुर्चीसकट मागे मागे जात बाहुलीएवढ्या झाल्या. आवाज मात्र मघासारखाच, समोर बसल्यासारखा येत होता.

"आता?"

"आता बरंय."

खरंच बरं वाटलं त्याला. एवढी मोकळी जागा पुढे पसरल्यावर त्यानं त्या दुसऱ्या खोलीबद्दल सांगितलं, जन्मात पहिल्यांदा. तो तेवीस वर्षांचा असताना वडील त्याला 'बरं करायला' परगावच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले होते. ती खोली आठ बाय सहा होती. खिडकी नव्हती, कडी बाहेरून होती. मनगटांना पट्टे बांधून त्याला पुरुषांचे फोटो दाखवत आणि वर विजेचा झटका देत. असं सव्वीस वेळा झालं. वडील बाहेर बाकावर बसून पेपर वाचत होते.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आजारी नव्हतात, कागवाडे. पुरुषावर प्रेम करणं हा आजार नाही. तिथे झाले ते उपचार नव्हते, तुमच्यावर अत्याचार झाला."

चौतीस वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो रडला, आणि चारशे फुटांवरून कुणाला दिसणार नाही म्हणून पोटभर रडला.

घरी आला तर गॅलरी नव्हती. हॉलचं मागचं दार उघडलं की थेट तिसऱ्या मजल्यावरची हवा होती. समोरच्या फ्लॅटमधल्या पाटोळेकाकू डोकावून म्हणाल्या, "भाऊ, घर लहान लहान दिसतंय हो."

"गॅलरी गेली."

"आता वं? सोसायटीला अर्ज करून ठेवा तेवढा."

गॅलरी चार फूट होती. तिकडे वाढले ते चारशे फूट. जिनदत्तला नकाशावरचं प्रमाण वाचल्यासारखं लख्ख कळलं: एकास शंभर. जमीन आभाळातून पडत नाही, एकाचा गट वाढला की दुसऱ्याचा घटलेला असतो, हे त्यानं आयुष्यभर लोकांना समजावलं होतं. आता त्याच्यावरच वेळ आली होती, इतकंच.

त्यानं ठरवलं, पुढच्या वेळी तोंडातून 'लांब' हा शब्द काढायचा नाही. तो गेलाही ठाम मनानं. चारशे फुटांच्या पट्ट्यावर त्याच्या गॅलरीतल्या लाल ठिपक्यांच्या फरश्या होत्या, आणि मधोमध, होती तेवढ्याच आकाराची, त्याची तुळशीची कुंडी एकटी उभी होती. वस्तू वाढत नव्हत्या, त्यांच्याभोवतीची जमीन वाढत होती.

"घरी कोण कोण असतं?" मॅडमनी विचारलं. साधाच प्रश्न.

"मी एकटाच. आधी एक पेइंग गेस्ट होते."

हे वाक्य तो एकोणीस वर्षं म्हणत आला होता, सोसायटीत, ऑफिसात, बहिणीच्या घरी. रमाकांत होनकळसे, कॉलेजच्या लायब्ररीत क्लार्क, निपाणीचे, आमच्याकडे राहतात. इतकं घोटलेलं वाक्य, पण या वेळी ते म्हणताच खोली आठ बाय सहा वाटायला लागली.

"थोडं लांब," तो म्हणाला.

बारा फुटांचा हॉल गेला. आता घराचं दार उघडलं की पाय थेट स्वयंपाकघरात पडे. जिनदत्त ओट्याखाली अंथरूण टाकून झोपू लागला. आतली खोली होती, पण तिथे तो चौदा महिन्यांत गेला नव्हता. रमाकांत गेल्यापासून ते दार त्यानं लोटून ठेवलं होतं. आत एक खाट होती, डबल, आणि तिच्यावर दोन उशा. एकोणीस वर्षांत एकही पाहुणा त्या दारापलीकडे गेला नव्हता. रमाकांत आणि तो एकमेकांचे कोण होते, याचा पुरावा म्हणून जगात तेवढी एकच खोली उरली होती. ती गेली तर रमाकांत कायमचा पेइंग गेस्ट होणार होता.

मग जाऊच नये ना तिकडे. पण गुरुवारचा तो एक तास सोडला तर आठवडाभर त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. ऑफिसात लोक फाईलपुरतं बोलत, काकू अर्जापुरतं. तो गेला.

त्या गुरुवारी त्यानं रमाकांतच्या मरणाचं सांगितलं. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. निपाणीहून दोघे भाऊ आले. थोरला चांगला माणूस होता. त्यानं जिनदत्तला हात जोडले आणि म्हणाला, "फार सांभाळलंत आमच्या भावाला. सामान सवडीनं नेतो. खोली भाड्यानं द्यायची असली तर कळवा." मग भाऊ रमाकांतला घेऊन गेले. अग्नी धाकट्यानं दिला. जिनदत्त लायब्ररीतल्या शिपायांच्या शेजारी, शेवटच्या रांगेत उभा होता.

"तुम्हाला कुठे उभं राहायचं होतं?" मॅडमनी विचारलं. त्या आता सोळाशे दहा फुटांवर होत्या, त्यांचा निळा दुपट्टा तेवढा ओळखू येत होता.

उत्तर त्याला ठाऊक होतं. ते जिभेवर आलं, आणि त्याची पाचावर धारण बसली.

"थोडं लांब."

स्वयंपाकघर आठ फुटांचं होतं.

घरी परतल्यावर त्यानं दार उघडलं. उंबऱ्याला लागूनच आतल्या खोलीचं लोटलेलं दार होतं. त्यानं हात पुढे केला आणि परत घेतला. त्या आठवड्यात तो जिन्यात झोपला. पाटोळेकाकूंनी चटई आणून दिली.

"आत का झोपत न्हाई, भाऊ?"

"आत पेइंग गेस्टचं सामान आहे."

"एकोणीस वर्सं बगत आलेय मी," काकू म्हणाल्या आणि आपलं दार लावून घेतलं.

पुढच्या गुरुवारी तो खुर्चीत टेकतो न टेकतो तोच मॅडमचा आवाज आला, "आज किती अंतर हवं?" दर वेळचाच प्रश्न, दर वेळच्याच मायेनं विचारलेला. आणि जिनदत्तच्या तोंडून सवयीनं, काही दुखत नसताना, काही भीती वाटत नसताना, शब्द निघून गेले. आपण काय बोललो हे त्याला कळलं तेव्हा फरशी निघायला लागली होती. तो ओरडला, "नको, नको." पण आतल्या खोलीचे दहा फूट होते ते हजार व्हायला कितीसा वेळ लागतो. आता त्याला घर नव्हतं.

सगळं त्याच्यासमोर अंथरलेलं होतं. त्याच्यापासून सुरुवात करून गॅलरी, मग हॉल, मग स्वयंपाकघराची काळी कडप्पा फरशी, आणि पार पलीकडे, आतल्या खोलीची पिवळी फरशी. तिच्या शेवटच्या कडेला खाट होती आणि खाटेपलीकडे मॅडम. बत्तीस वर्षं दुर्बिणीला लावलेल्या डोळ्यांना तेवढं दिसलं. त्या खुर्चीतून उठल्या होत्या, पण फरशीवर त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं.

"कागवाडे, इथे कुणाची तरी खोली आहे," त्या म्हणाल्या. "विचारल्याशिवाय मी आत येणार नाही. कुणाची आहे?"

पेइंग गेस्टची, असं वाक्य तयार होतं. ते म्हटलं असतं तर त्यांनी ते मानलंही असतं, खोदून विचारलं नसतं, आणि हीच गोष्ट त्याला असह्य झाली. चौदा महिने तो ज्याच्यासाठी एकट्यानं झुरत होता, त्याला तो स्वतःच पुन्हा एकदा शेवटच्या रांगेत उभं करणार होता.

"आमची," जिनदत्त म्हणाला. "माझी आणि रमाकांतची. आम्ही नवरा-नवऱ्यासारखे राहत होतो."

"मी आत आले तर चालेल?"

"या."

त्यांनी चपला काढल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. जिनदत्त उठला आणि चालायला लागला. चारशे फूट गॅलरी, बाराशे फूट हॉल. हॉलच्या मधोमध टीव्ही आणि दोन वेताच्या खुर्च्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, बाकी सगळा माळ. त्याचे गुडघे दुखत होते. इतकी वर्षं शेतं तुडवली, पण स्वतःच्या घरातून एवढं चालायची वेळ कधी आली नव्हती. मॅडम खाटेवर वाकून बसल्या होत्या, समोर कुणी बोलत असलं की बसतात तशा. मध्येच त्या काही विचारत, थांबत, मान हलवत, वहीत लिहून घेत.

तो स्वयंपाकघरात शिरला. दोनशे फूट गेला असेल, तेवढ्यात त्यांनी वहीतून मान वर केली.

"कागवाडे," त्या म्हणाल्या, "हे विचारतायत, जेवलास का?"

रमाकांतशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. स्वयंपाकघर अजून सहाशे फूट उरलं होतं.