मस्कादे आणि तिसऱ्या

शनिवारी बाराजण पैसे भरून जेवायला येणार होते, म्हणून गुरुवारी दुपारी आयर्लंडमधल्या डून लेरीच्या घरी, स्वयंपाकघरात चाखणी होती. सुहासिनी रांधायची, तिचा नवरा केदार चाखायचा आणि बरोबर कुठली वाईन द्यायची ते ठरवायचा. ती स्वतः काही चाखत नसे. नैवेद्याचा स्वयंपाक उष्टा करायचा नाही, हे आईनं लहानपणी हातावर चापट मारून शिकवलेलं, ते तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्यालाही लागू झालं. देवाला तिसऱ्या चालत नाहीत हे तिला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. तिचा सगळा कारभार वासावर. वाईन तर कधी ओठालाही लावलेली नाही.

फेब्रुवारीत केदार दाराच्या पायरीवर बर्फावरून घसरला आणि डोकं आपटलं. ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात अकरा दिवस काढून आला. तेव्हापासून काहीही विचारा, उत्तर एकच. डोकं? ग्रँड. झोप? ग्रँड. इथली माणसं पाय मोडला तरी ग्रँडच म्हणतात, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. अपघातानंतर पाहुण्यांसाठीचं हे पहिलंच जेवण.

त्यानं मस्कादेची बाटली उघडली. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची ही फिकी, आंबटसर पांढरी वाईन. तिसऱ्या, कालवं, तळलेला बांगडा यांच्याशी तिचं छान जमतं. नारळ जास्त झाला की मात्र "रुसून बसते बघ, तुझ्यासारखी," असं तो म्हणायचा.

त्यानं ग्लासात नाक खुपसलं, डोळे मिटले.

"अहाहा! हिरवं सफरचंद, लिंबाची साल, मागून खारी हवा. खोबरं आहे तेवढंच ठेव."

ताट ठेवायला जागा करावी म्हणून सुहासिनीनं ग्लास उचलला आणि थबकली. भिजून कुबट झालेल्या रद्दीचा वास. बूच खराब निघालं की असं होतं, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी अशीच एक बाटली त्यानं दारात बूट काढता काढता ओळखली होती: "घरात ओलं पोतं कुणी आणलंय?"

"परत एकदा बघ ना, केदार."

"अगं, बघितली की. फर्स्ट क्लास."

गप्प बसावं, दुसरी बाटली हळूच काढावी, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण शनिवारी बाराजणांपुढे कुणीतरी तोंड वाकडं केलं असतं.

"बिघडलीय रे ही. रद्दीचा वास मारतोय."

त्यानं पुन्हा हुंगलं. मग ग्लास फार जपून खाली ठेवला.

"कधीपासून वास येत नाही?" तिनं विचारलं.

"पायरीपासून."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सहा महिने वाट बघा म्हणाले. सात झाले परवा."

"आणि रोज आमटीला छान म्हणत होतास, ते कशावरून?"

"आंबट, तिखट कळतं. बाकी तुझ्या चेहऱ्यावरून."

तिला हसू आलं, आणि त्याच हसण्यात ती रडली. नाक पुसून तिनं दुसरी बाटली स्वतःच उघडली, नव्या ग्लासात ओतून हुंगली. ही चांगली होती.

"काय येतंय?" तो म्हणाला.

"सफरचंद, लिंबाची साल..."

"ते माझं. तुझं सांग."

तिनं पुन्हा ग्लास नाकाशी नेला. "पाटी पुसली की येतो ना, तसा. ओल्या पाटीचा. वर कैरीची साल काढल्यासारखं काहीतरी."

त्यानं ग्लास घेतला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर इतका खोल श्वास घेतला की नाकाचा शेंडा भिजला. मग बाहीनं नाक पुसत त्यानं विचारलं,

"ओल्या पाटीचा कसा असतो गं?"

तिनं दोनदा सांगून पाहिलं. तो मान हलवत ऐकत राहिला. शेवटी शनिवारचं जेवण रद्द, असं बाराजणांना कळवायला तिनं फोन उचलला आणि कारण काय लिहावं ते न सुचून तशीच बसून राहिली.