होतकरू तरुण, वय अडुसष्ट

आमच्याकडे ज्याने घराण्याची पदवी घेतली नाही तो तरुण. वयाचा त्यात संबंध नाही. मी अडुसष्ट वर्षांचा आहे आणि जन्मापासून या वयापर्यंत तरुणच राहिलो. सामोआतल्या आमच्या गावात सभा भरली की पदवीधारक आपापल्या खांबाला टेकून बसतात आणि बोलतात. आम्ही तरुण मागच्या बाजूला दगड तापवून नीरफणस नि अळकुड्या भाजतो, पानं वाढतो आणि गप्प राहतो. तरुणाने सभेत तोंड उघडायचं नसतं. मला हे फार सोयीचं होतं. शाळेच्या ग्रंथालयातल्या नोकरीत मला दिवसाकाठी एकच शब्द बोलावा लागे, तोही ‘शू’.

मग एका परदेशी संस्थेचं पत्र आलं. गावातला एक होतकरू तरुण तीन आठवड्यांच्या नेतृत्व प्रशिक्षणासाठी टास्मानियाला पाठवावा. गावचे बाकीचे तरुण न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेले, एकाचा पाय प्लास्टरमध्ये. उरलो मी.

वाइतागीने मला त्याच्या घरी बोलावलं. वाइतागी ही गावातली सगळ्यात मोठी पदवी. ती सध्या माझ्या चुलतभावाच्या मुलाकडे आहे. तो बत्तीस वर्षांचा. त्याला मी कडेवर खेळवलंय.

“ए पोरा,” तो म्हणाला, “पासपोर्ट आहे ना तुझा?”

“आहे. पण मी म्हणतो, या वयात...”

“याच वयात जायचं असतं. तरुणांनी जग बघावं.” तो हसत नव्हता. “आणि ऐक. तुझ्या घराण्याची पदवी सहा वर्षं रिकामी आहे. शिकून आलास की ती घ्यायची.”

घरी माझी धाकटी बहीण फेतूइ चटई विणत होती. “बरं झालं,” ती म्हणाली. “दादा, सहा वर्षं सभेत आपल्या घराला तोंड नाही. तू आहेस, पण तुला तरी कुठे आहे?”

पदवी घ्यायची म्हणजे भाषणं करायची. थोरल्या भावाच्या अंत्यविधीला मी ‘बंधूंनो’ म्हणालो होतो आणि खाली बसलो होतो. त्यामुळे मी मनाशी ठरवलं की जायचं, काहीही शिकायचं नाही, वाईट शेरा घेऊन परत यायचं. नापास माणसाला कोण पदवी देतं?

विमानतळावर ब्रॉनविन नावाची प्रशिक्षिका माझ्या नावाची पाटी धरून उभी होती. वय सव्वीस असेल. तिने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“दिसण्यावरून कोणाचं वय ठरवायचं नाही, असा आमच्या संस्थेचा नियम आहे,” ती म्हणाली आणि माझी बॅग उचलली.

शिबिरात किरिबातीची तिराबो नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. “आजोबा, इथे हीटरजवळ बसा,” ती म्हणाली.

“तिराबो, इथे सगळे समवयस्क आहेत,” ब्रॉनविनने सांगितलं.

“बरं. फिलेमोनी, इथे बस. आणि मफलर नीट गुंडाळ, कान उघडे आहेत तुझे.”

दुसऱ्या दिवशी मैदानावर प्रत्येकाभोवती खडूने एक वर्तुळ काढलं. हे तुमच्या भीतीचं वर्तुळ, धैर्य करून बाहेर पडा, असं सांगितलं. बाकीचे ओरडत बाहेर पडले. मी उभाच राहिलो. नापास व्हायची एवढी सोपी संधी पुन्हा मिळाली नसती. दीड तास गेला. मग भुरभुर पाऊस आला आणि वर्तुळ धुऊन गेलं. ब्रॉनविनने वहीत लिहिलं, ‘फिलेमोनी बाहेर पडला नाही, त्याने वर्तुळालाच जायला लावलं.’

एक तक्ताही होता. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी स्वतःला दहापैकी गुण द्यायचे, मग किती वाढ झाली ते मोजायचं. पहिल्या दिवशी मी स्वतःला दोन दिले होते. शेवटच्या दिवशीही दोनच दिले.

“सगळ्यांनी सहाचे नऊ केले,” ब्रॉनविन म्हणाली. “आपल्याला किती कमी येतं, ते एकट्या तुला कळलं.”

“ते मला आधीपासून माहीत होतं.”

“बघ,” ती डोळे पुसत म्हणाली, “किती मोकळं बोललास.”

‘सर्वाधिक व्यक्तिगत वाढ’ असं प्रमाणपत्र मला मिळालं. निघताना तिराबो माझ्या बॅगेची चेन लावून देत होती.

“नापास व्हायला बघत होतास ना तू?”

“हो.”

“गप्प बसून कोणी नापास होतं का? आजोबा, नको असेल तर नको म्हणावं लागतं. तोंडाने.”

विमानात मी एका वहीत नकार लिहायला घेतला. चार ओळींचा. एक शब्द काढायचो, परत घालायचो. खाली सगळा समुद्र संपला तरी ते चाललंच होतं.

सभा भरली. प्रमाणपत्र वाचून दाखवलं गेलं. मी पानं वाढत आत गेलो, तबक खाली ठेवलं आणि बोललो. “पदवी मला नको. इतकी वर्षं मी तुमचं बोलणं बाहेरून ऐकत आलो. बोलणारे तुम्हांला पुष्कळ मिळतील. पण निदान एक जण बाहेर ऐकत असल्याशिवाय बोलण्याला सभा म्हणत नाहीत.”

मग सेउली हे गावचे सर्वांत जुने वक्ते वाइतागीला म्हणाले, “कोणी काही बोललं का?”

“हा बोलला की.”

“हा तरुण आहे. तरुण सभेत बोलत नाही. तेव्हा कोणी बोललेलं नाही.”

“पण मी ऐकलं.”

“तू ऐकलंस, तर बोलणारा पदवीधारक असला पाहिजे. आणि पदवीधारक असेल तर पदवी नको असं म्हणणार कसा?”

यावर तासभर वाद झाला. नीरफणस गार झाले. शेवटी सेउलींनी निकाल सांगितला. सभेने ऐकलं नाही असं धरलं, तर पदवीच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणून प्रश्न मागे, कायमचा. ऐकलं असं धरलं, तर बोलणारा आजपासून पदवीधारक.

“पोरा,” वाइतागी म्हणाला, “काय धरू? बोलू नकोस, आणखी गोंधळ होईल. ऐकलं असं धरायचं असेल तर मान हलव, नसेल तर तबक उचलून जा.”

मला हवं होतं ते सगळं समोर होतं. तबक हाताशी होतं. पण मग ते वाक्य कोणी बोललंच नव्हतं असं ठरलं असतं. आयुष्यात एकदाच मला एक वाक्य बरं जमलं होतं; निदान बोलताना तसं वाटलं होतं. मी तबक उचललं. परत ठेवलं.

“ऐकलं असं धरा,” मी म्हणालो.

वाइतागी सरकून बसला. “बसा, काका,” तो म्हणाला. “आणि ते शेवटचं पुन्हा सांगा. तिकडच्या खांबांपर्यंत नीट ऐकू आलं नाही.”

मी पुन्हा सांगितलं. या वेळी तितकं चांगलं जमलं नाही.